माझ्या नावाची चाळ

माझं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर आहे, ही गोष्ट मी आजवर किती जणींना ऐकवली याची गणती नाही. भिशीत, हळदीकुंकवाला, कांद्याच्या काटणीला बसलेल्या बायकांत, विषय कुठलाही निघो, मी तो वळवून वळवून तिथेच आणायची. आमच्याकडे वडील गेले की वारसनोंदीत भावाबरोबर बहिणींचीही नावं लागतात. मग वर्ष-सहा महिन्यांत भाऊ येतो, बहिणींना गाडीत घालून रजिस्ट्री ऑफिसात नेतो, त्या हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि बहिणींची नावं कमी होतात. कुणी कुणाचा हात धरून सही घेत नाही. बहिणी आपल्या पायांनी जातात, कारण सही न करणारीला पुढे माहेरी कोण विचारणार, हे त्यांना न सांगता कळतं.

मला मात्र माझ्या भावानं कधी नेलंच नाही. आई आधीच गेली होती. आबा गेले तेव्हा दादाचं आणि माझं अशी दोनच नावं लागली आणि तशीच राहिली. मी आपणहून विचारलं होतं, दादा, सहीचं काय ते उरकून टाकू या का. तो ऊस बघायला निघाला होता. जाता जाता म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. नाव काय खायाला मागतंय व्हय?”

एवढ्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं मिरवले. माझ्या जावेनं तिच्या माहेरी सही केली त्या दिवशी ती येऊन चुलीपुढे गप्प बसली होती, तर मी तिची समजूत घालायची सोडून तिला माझ्या दादाचं वाक्य ऐकवलं. मला हिस्सा नको होता. पणदऱ्याच्या अंगाला आमची जमीन आहे, पाटाच्या पाण्याखालची, उसाची. त्यातलं एक ढेकूळही मी कधी मागितलं नसतं. पण त्या घरानं मला पुसून टाकलं नाही, हे मला फार मोठं वाटायचं.

सासर माझं नरसिंहपूरच्या अलीकडे. इकडे आम्ही कांदा करतो. सासऱ्यांनी वाटण्या केल्या तेव्हा आमच्या वाट्याची काही जमीन थेट माझ्या नावावर केली. सून शिकलेली आहे असं त्यांनी चारचौघांत सांगितलं, पण खरं कारण असं की मुलाच्या हातात काही टिकत नाही याची त्यांना पुरती खात्री होती. आमचे हे स्वभावानं इतके मोकळे की कुणी मागितलं तर अंगावरचा सदरा काढून देतील आणि वर बटण तुटलंय म्हणून दिलगिरी व्यक्त करतील. तेव्हा शेतीचे कागद, अर्ज, सोसायटी, हे सगळं पहिल्यापासून माझ्याकडे.

मागच्या पावसाळ्यात आमचा निम्मा कांदा सडला. उन्हाळ्यात काढलेला कांदा शेतातच ढीग घालून, वर उसाचं पाचट टाकून ठेवायचा आणि भाव येईपर्यंत वाट बघायची, ही आमची रीत. गेल्या साली पाऊस लांबला, ढिगाला खालून ओल लागली, आणि वास पार घराच्या अंगणापर्यंत आला. व्यापारी आला तो मोटारसायकलवरून उतरलाच नाही. लांबूनच नाकाला रुमाल लावला आणि पुढं गेला. त्या दिवशी मी ठरवलं, आता चाळ बांधायचीच. जमिनीपासून उंच, बाजूंना फटी सोडून पट्ट्या मारलेली, खालून-वरून वारा खेळणारी पक्की कांदाचाळ. तिला सरकारचं अनुदान आहे. माझ्या नावावर जमीन आहे, उताऱ्यावर कांद्याची नोंद आहे, आणि या योजनेतून मी आजवर छदामही घेतलेला नाही. मला मिळणार नाही तर कुणाला मिळणार, अशा तोऱ्यात मी गावातल्या सेवा केंद्रात गेले.

केंद्रात एक मुलगी बसते, आमच्याच भावकीतली. तिनं माझा आधार नंबर टाकला, अंगठा घेतला, जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, काकू, तुम्ही चाळ घेतलीय की आधीच. मी म्हटलं, कुठली चाळ? कांदा माझा उघड्यावर सडतोय आणि तू मला चाळ सांगतेस? मी तिला चांगलीच झापली. तुम्हा पोरींना नीट टाइप करता येत नाही, कुणाचा तरी नंबर घातलास, असं काहीबाही बोलले. त्या बिचारीनं पडदाच माझ्याकडे फिरवला. ‘या घटकाचा लाभ यापूर्वी घेतला आहे’ असं लाल अक्षरांत लिहिलं होतं. खाली तालुका होता बारामती, आणि गाव होतं माझं माहेर.

मग तिनं सरकारच्या साइटवरची गावाची यादी उघडली. ती कुणालाही बघता येते, त्यात चोरीछुपं काही नाही. अनुदान कुणाला मिळालं हे लोकांना कळावं म्हणूनच ती लावलेली आहे. माहेरच्या गावची सगळी ओळखीची आडनावं एकाखाली एक, आणि त्यात मधेच माझं नाव. माझं, माझ्या नवऱ्याचं, आणि इंदापूरकडचं आमचं आडनाव. जमिनीचा गट नंबर आबांचा. पुढे कांदाचाळ, आणि शेवटी ‘अनुदान वितरित’. यादीत एक अक्षर चुकीचं नव्हतं.

मी घरी आले, चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिले. एकेक आठवायला लागलं. दादाचा फोन आला होता, “बाय, तुज्या मोबाईलवर एक नंबर आला आसंल, तेवडा सांग.” मी सांगितला होता, वर पोरं कशी आहेत, वहिनीचा गुडघा कसा आहे, हेही विचारून घेतलं होतं. आबा गेल्यावर पणदऱ्याच्या बँकेत माझ्या नावानं खातं काढलं होतं, वारसाच्या कामाला लागतं म्हणून. पासबुक दादाकडेच. भाऊबीजेला गेले की ओवाळून झाल्यावर तो पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपा पुढे करायचा आणि मी तबक बाजूला ठेवून तिथंच सह्या करायची. कशाला, असं विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. भावाला असं विचारणं मला हलकटपणाचं वाटलं असतं.

आणि तो फोटो. त्याआधीच्या दिवाळीत दादा मला मळ्यात घेऊन गेला, नवी चाळ बघायला. लांबलचक, हिरव्या पत्र्याची, मधे भिंत घालून दोन भाग केलेली. मी म्हटलं, दादा, फार देखणी झाली रे. तो म्हणाला, ह्या अंगाला हुबी ऱ्हा, फोटू काढतो. मी पदर नीट केला, हसले आणि उभी राहिले. इतका हौशी माझा दादा कधी नव्हता, म्हणून मला भरूनच आलं. तो फोटो मागून घेऊन मी मोबाईलच्या स्टेटसला लावला होता, खाली ‘माहेरचं वैभव’ असं लिहून. आता कळलं की अनुदान सुटायच्या आधी लाभार्थी चाळीपुढे उभा असलेला फोटो वरती पाठवावा लागतो. एकाच पत्र्याखाली दोन चाळी होत्या, निम्मी दादाच्या नावाची, निम्मी माझ्या.

मी त्या दिवसापासून यादी वाचायच्या नादाला लागले. केंद्रातल्या मुलीनं ती मोबाईलवर कशी उघडायची ते दाखवलं होतं. सासरच्या गावची यादी उघडली. बायकांची नावं काही कमी नव्हती. ठिबक, शेततळं, शेडनेट. वरवर बघणाऱ्याला वाटावं, आमच्या भागातल्या बाया काय शेती करतात. शेजारणीचं नाव ठिबकापुढे दिसलं तेव्हा मी तिला कुंपणावरून विचारलं, तुमच्या नावावर ठिबक आलंय, माहीत आहे का. ती भाकरी थापत होती. “आसंल बाई,” म्हणाली, “मालकास्नी ठावं.” आणि पुढची भाकरी थापायला घेतली. ही यादी सगळ्या जगाला उघडी आहे आणि जिचं नाव त्यात आहे तिलाच तिचा पत्ता नाही, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मला राग आला होता, पण कुणाचा ते नीट ठरवता येत नव्हतं. शेजारणीचाही आला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मग दादांना विचार की सरळ. मी म्हटलं, विचारीन. पण फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. एवढं मोठं घर माझ्या मनात उभं केलेलं, आणि ते एका प्रश्नासरशी पडलं तर, अशी धास्ती वाटायची. चाळीचं राहू दे, सडेल कांदा, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग ढिगाच्या जागेवर अजून काळी पडलेली माती बघितली की डोकं फिरायचं.

शेवटी दादाच आला. कांदा काढून आम्ही नवे ढीग घालत होतो, तेव्हा बांधावर त्याची गाडी थांबली. न कळवता आला होता आणि येताना ओल्या शेंगांची पिशवी आणली होती. मी चुलीवर शेंगा उकडायला ठेवल्या. तो खाटेवर बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग विषयावर आला. गावातल्या दुसऱ्या गटाच्या लोकांनी माहितीच्या अधिकारात अनुदानाची सगळी यादी काढली होती. नुसती काढली नव्हती, तर एक मेच्या ग्रामसभेत ती मोठ्यानं वाचावी आणि ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून लाभ मिळाला की नाही ते सांगावं, असा अर्ज दिला होता. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि दादा तिला उभा होता. मी आले नाही किंवा नाही म्हणाले तर अनुदान वसूल होणार, वर चौकशी, आणि निवडणुकीत तो तोंडावर पडणार, हे त्यानं लपवलं नाही.

“तू फकस्त ये,” तो म्हणाला. “मॅडम नाव वाचत्याल. हुबी ऱ्हा, व्हय म्हण. जेवण करून संध्याकाळी माघारी.”

मी म्हटलं, दादा, मीही चाळीचा अर्ज केला होता. तो माझ्या नावावर आधीच चाळ आहे म्हणून फेटाळला.

तो खरोखर चपापला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिकडे कांदा करते, मला चाळ लागेल, मी कुठेतरी अर्ज करीन, हे त्याच्या हिशेबात कुठं नव्हतंच. माझं नाव त्याच्याकडे होतं आणि मी इकडे होते, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं त्याला वाटलं नव्हतं. म्हणाला, मला आधी बोलली आसतीस तर. मग, तुज्या मालकाच्या नावावर बसतंय का बघू. आमच्या ह्यांच्या नावावरच्या जमिनीवर कांद्याची नोंद नाही, हे मी त्याला सांगत बसले नाही. मला दुसरंच विचारायचं होतं.

“दादा, आबा गेल्यावर माझं नाव का ठेवलंस?”

तो माझ्याकडे बघायला लागला. प्रश्न त्याला समजला नव्हता. मी पुन्हा विचारलं, सगळ्यांनी बहिणींच्या सह्या घेतल्या, तू माझी का घेतली नाहीस.

“आगं, तवा त्यो अनुदानाचं अर्ज भरणारा सल्लागार म्हनला हुता. बहिणीचं नाव काढू नगा, कामाला येतं. एका नावावर एकदाच मिळतंय. आन् सगळी जमीन माज्या एकट्याच्या नावावर आली आसती तर मी अल्पभूधारकात बसलो नसतो.”

“म्हणजे कामाला येतं म्हणून ठेवलंस.”

“मग आनखी कशापायी?” तो म्हणाला. “तुला काय हिस्सा मागायचा हुता का?”

त्याच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तो चिडलेला नव्हता, खोटं बोलत नव्हता, मला हिणवत तर अजिबात नव्हता. साधं विचारत होता. तो चिडला असता तर मला भांडता आलं असतं, आणि भांडणात मी कुणाला हार जात नाही. मी आत गेले आणि शेंगांच्या पातेल्यावरचं झाकण उगाच काढलं, घातलं. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेनं आलं असं मी स्वतःलाच सांगितलं. इतकी वर्षं मी जी पोथी वाचत होते, तिच्यात मी नव्हतेच. एक नाव होतं, कामाला येणारं.

बाहेर येऊन मी त्याला शेंगा दिल्या आणि म्हटलं, येते मी ग्रामसभेला. तो गेल्यावर ह्यांनी विचारलं, काय सांगणार आहेस तिथं. मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि ते खरं होतं.

ग्रामसभा शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. झेंडा लावून झाला होता, पोरं घरी गेली होती. एरवी आमच्या गावच्या ग्रामसभेला गणपूर्तीसाठी माणसं शोधून आणावी लागतात. त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. बाया एका बाजूला बसल्या होत्या, ज्यांनी जन्मात ग्रामसभा बघितली नव्हती अशासुद्धा. त्यांना का आणलंय हे मला बघताक्षणी कळलं.

कृषी खात्याच्या मॅडम नावं वाचायला लागल्या. नाव, गट नंबर, कशाचं अनुदान. पुरुषांची नावं आली तेव्हा कुणी बसल्या जागेवरूनच हात वर केला, कुणी विनोद केला. बाईचं नाव आलं की आधी ती नवऱ्याकडे बघायची, मग उठायची, पदर पुढे घ्यायची, व्हय म्हणायची आणि बसायची. एका म्हातारीच्या नावावर शेततळं निघालं. ती उठली आणि मॅडमनाच विचारलं, “कुठंशी हाय वो ते?” सगळी शेड हसली. तिचा मुलगा पुढे होऊन तिला खाली बसवत म्हणाला, तिला ऐकू येत नाही. मीही हसले. माझ्या पाळीला हे लोक कसं हसतील, ते मला दिसत होतं.

मग माझं नाव आलं. आडनाव ऐकून कुजबुज झाली, ही कोण, कुणाच्यातली. दुसऱ्या गटातले एक तात्या उठले. त्यांनीच हा अर्ज दिला होता आणि या नावाचीच ते वाट बघत होते. मी लहान असताना त्यांच्या मळ्यातल्या चिंचा पाडल्या म्हणून त्यांनी मला आबांच्या पुढ्यात उभं केलं होतं, इतके ते मला ओळखत होते. तरी त्यांनी अनोळखी असल्यासारखं विचारलं, ह्या बाई हजर हायत का.

मी उठले. दादा खांबाला टेकून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. वहिनी माझ्या शेजारीच बसली होती, तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. तात्यांनी विचारलं, ताई, खरं सांगा, चाळ तुमची हाय का.

नाही म्हणायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. येताना गाडीत मी तो शब्द घोळवत आले होते. नाही म्हटलं असतं तर माझा अर्ज पुढंमागं सुटला असता. निदान खरं बोलल्याचं समाधान मिळालं असतं. पण दादाची मान खाली होती. मी त्याला तसा कधी बघितला नव्हता, आबांच्या तिरडीपुढेसुद्धा नाही. आणि तात्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मला बघवेना. खऱ्यासाठी ते उठले नव्हते. त्यांच्या दोन सुनांची नावं अजून पुढे यायची होती आणि त्या दोघी पुण्यात राहतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“चाळ माझी आहे,” मी म्हटलं. “सह्या माझ्या आहेत, फोटो माझा आहे.”

“मग आत कांदा कुणाचा हाय?” तात्यांनी विचारलं.

“माझा कांदा अजून यायचाय,” मी म्हटलं. “येत्या आठवड्यात आणते. तुम्ही बघायला या.”

हे मी कुठून बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. शेड हसली, पण या वेळी तात्यांना हसली. मॅडमनी लिहून घेतलं. वहिनीनं माझा पदर सोडला. दादानं वर बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता आणि तो माझ्याकडे बघून किंचित हसला. त्याला वाटलं, मी तात्यांची जिरवली. घरी जेवताना तो ते दोनदा बोललाही. मी जेवले, निघताना कुंकू लावून घेतलं आणि आले.

पुढच्या आठवड्यात आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली भरली. आमचे हे शेवटपर्यंत मला विचारत होते, अगं, खरंच न्यायचा का. लोकांपुढं बोललीस ते बोललीस. मी म्हटलं, सरकारच्या यादीत चाळ माझी आहे, ग्रामसभेच्या वहीत चाळ माझी आहे, आणि पाऊस आला की कांदा सडणार आहे तोही माझा आहे. ते म्हणाले, तुझ्याशी बोलण्यापेक्षा ट्रॅक्टर चालवलेला बरा. आणि त्यांनी चालवला, भवानीनगरवरून, उन्हातान्हात, एक चकार शब्द न काढता.

दादा मळ्यातच होता. ट्रॉली बघून त्याला वाटलं कुणी वाट चुकलंय. मग मला ओळखलं. मी खाली उतरून सांगितलं, दादा, माझ्या भागात कांदा भरायचाय. तो बाजूला सरून बांधावर जाऊन बसला. माझ्या भागात त्यांचा कांदा होता, त्यांनी तो नुकताच भरला होता. वहिनी घरातून आली. कमरेला पदर खोचून ती आत शिरली आणि पाट्या भरून भरून तो कांदा भिंतीपलीकडच्या भागात न्यायला लागली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या वन्सं. तुमी पाव्हण्या न्हाय, मालकीण हायसा.” तिचा तिकडचा भाग भरला, उरलेला कांदा तिनं गोठ्याच्या कडेला उघड्यावर टाकला. गुडघा धरून ती एकदाच थांबली. माझ्या मनात आलं, हे सगळं इथंच सोडून द्यावं, ट्रॉली वळवावी. मी वळवली नाही. वहिनीनं कुठला अर्ज केला नव्हता, की माझी सही घेतली नव्हती, आणि तिचा कांदा मी उन्हात आणून टाकला होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

माझा कांदा भरून होईपर्यंत दादा बांधावर बसून होता. मग त्यानं नवं कुलूप आणलं, माझ्या भागाच्या दाराला लावलं आणि किल्ली ह्यांच्या नव्हे, माझ्या हातात दिली. जेवून जा असं कुणी म्हणालं नाही. पाणी दिलं, चहा दिला. चहा चांगला होता.

पावसाळ्यात चाळीतला कांदा मधून मधून निवडावा लागतो, सडका एकच राहिला तरी शेजारचेही सडायला लागतात. श्रावण लागायच्या आधी मला जायचं होतं. एरवी मी माहेरी कधी विचारून गेलेली नाही. एसटीनं उतरायचं आणि ओसरीवर पिशवी टेकवायची, एवढंच. त्या सकाळी पहिल्यांदा मी आधी फोन केला. दादानं उचलला. मी म्हटलं, दादा, कांदा निवडायला येऊ का, घरी आहात ना कुणी.

पलीकडे टीव्ही चालू होता. वहिनी काहीतरी विचारत होती, कुणाचा फोन, असंच असेल.

“इचारायचं काय त्यात?” दादा म्हणाला. “किल्ली हाय की तुज्यापशी.”